औषध की प्लासिबो: कोल्हापुरातल्या एका ट्रायलची हकीकत

चिंतेवरच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये मी होते हे कळलं की लोक आधी विचारतात, "पैसे किती मिळाले?" आणि मग, "काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं. भाग घेतल्याचा मोबदला असा काही मिळाला नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे मिळाले, तेही किती द्यायचे हे एथिक्स कमिटीने, म्हणजे ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीने, आधी मंजूर केलेलं. तपासण्या आणि गोळ्या फुकट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, आणि ते मला नीट द्यायचंय.

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजते. संध्याकाळी कॅश टॅली होऊन तिजोरीला किल्ली लागली, तरी घरी चालत जाताना गंगावेशीत पाय अडखळायचे. पाचशेच्या बंडलात एखादी नोट जास्त गेली तर? मुलगा क्लासवरून थोडा उशिरा आला की मनात अपघात घडून, दवाखाना गाठून, पुढचं सगळं होऊन गेलेलं असायचं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात 2019 च्या महापुराचं पाणी शिरलं होतं, तेव्हापासून जुलै लागला की मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मोबाइलवर बघत बसायचे. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण मार्चच्या कोरड्या उन्हातही छाती तशीच धडधडायची, म्हणजे कारण फक्त पूर नव्हता. मान आणि खांदे कायम आखडलेले. रात्री तीनला जाग आली की पहाटेपर्यंत उद्याचे हिशेब.

गल्लीतल्या डॉक्टरांनी झोपेची म्हणून एक गोळी दिली होती. तिने त्या रात्रीपुरतं बरं वाटायचं. ती त्या जातीची गोळी होती जिची सवय लागते, आणि हे मला पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. त्यांनीच आजाराला नाव दिलं: जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, आवरता न येणारी काळजी, आणि जोडीला झोप, थकवा, चिडचिड, आखडलेले स्नायू. नाव ऐकून मला रडू आलं. माझी मावशी आयुष्यभर 'घाबरट' म्हणूनच जगली. तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही. स्वभावाला औषध नसतं, असं घरात सगळेच म्हणायचे.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. एक नेहमीची: एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं औषध, सोबत समुपदेशन. त्या औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. दुसरी वाट म्हणजे त्यांच्याकडे चालू असलेली ट्रायल. ती तिसऱ्या टप्प्यातली होती, म्हणजे औषध आधीच्या टप्प्यांत कमी लोकांवर तपासून झालेलं आणि आता जास्त रुग्णांवर तपासायचं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. बोलताना ते एक वाक्य सहज बोलून गेले, "नाही म्हणालात तरी माझ्याकडचे उपचार तसेच चालू राहतील." हे वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी पुढचं काही ऐकलंच नसतं. कारण डॉक्टरला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. पेशंट मान डोलावतो, आणि त्या मान डोलावण्यालाच संमती समजलं जातं.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "आपण काय उंदीर हाय काय त्यांचं? न्यायचं, गोळी चारायची आणि बघत बसायचं?" धाकटे दीर तर मोबाइलच पुढे करून उभे. "वहिनी, इंदूरला काय झालंतं ते वाचलायसा काय?"

मी वाचलं. त्यांची भीती उगीच नव्हती. लोकांना नीट न सांगता त्यांच्यावर ट्रायल केल्याच्या तक्रारी देशात झाल्या होत्या, आणि इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. 2013 मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि 2019 मध्ये 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' लागू झाले. म्हणजे आज माझ्या हातात जे कागद आले, त्यातली पुष्कळशी कलमं कुणीतरी सोसल्यावर आणि कुणीतरी भांडल्यावर आलेली आहेत. ती न वाचता सही करणं मला बरोबर वाटलं नाही.

कोऑर्डिनेटर मुलगी वयाने लहान होती, पण तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, आज सही नको. घरी न्या, सगळ्यांना दाखवा, प्रश्न लिहून आणा." माहितीपत्रक मराठीत होतं. जेवणं उरकली की मी आणि हे टेबलावर ते उलगडून बसायचो. हे लेथवर काम करणारे, उद्यमनगरात आयुष्य गेलेलं. ड्रॉइंग वाचतात तसं बोट ठेवून एकेक ओळ वाचली त्यांनी.

संमतीपत्रात नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न असे रकाने होते. त्याखाली एक रकाना, नॉमिनीचं नाव आणि नातं. आणि कंसात लिहिलेलं, ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाईसाठी.

मी रोज दहा माणसांना म्हणते, "काका, नॉमिनीचं नाव लिहा की." लोक टाळतात, हसतात, 'मला काय होतंय' म्हणतात. त्या रात्री माझं पेन त्याच रकान्यावर अडलं. ह्यांनीही ती ओळ वाचली आणि कागद पालथा घातला. बराच वेळ दोघं काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "न्हाई लिवलं असतं तर लपवलं म्हणालो असतो." मी त्यांचंच नाव लिहिलं. नातं: पती.

भरपाईचं कलम मी मुद्दाम दोनदा वाचलं, कारण ते आकड्यांचं होतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. पण किती दिवस? डॉक्टरांच्या मते लागतील तितके, किंवा ती इजा ट्रायलमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. 'जे आधी होईल ते' याखाली मी रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, हे ठरवणार कोण? उत्तर मिळालं: गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी 24 तासांत केंद्रीय औषध नियामकाला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं; इजा कशामुळे झाली हे कंपनी एकटी ठरवत नाही. मृत्यूच्या भरपाईचं तर सूत्रच आहे. 8 लाख ही मूळ रक्कम, तिला वयाच्या आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचं आणि 99.37 ने भागायचं. वय जितकं कमी तितका वयाचा गुणक मोठा. माणूस आधीच फार आजारी असेल तर जोखमीचा गुणक खाली 0.5 पर्यंत, धडधाकट असेल तर वर 4 पर्यंत. मी कॅल्क्युलेटरवर माझा आकडा काढून बघितला. तो ह्यांना सांगितला नाही.

एथिक्स कमिटीचा फोन नंबर माहितीपत्रकात छापलेला असतो. तो कुणी लावत असेल असं वाटत नाही, मी लावला. पलीकडच्या बाईंनी नीट उत्तरं दिली. कमिटीत कमीत कमी सात जण असावे लागतात, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सर्वसामान्य नागरिक, निदान एक स्त्री, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. फोन उचलला गेला यानेच मला अर्धा धीर आला. आणखी एक केलं: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर ट्रायलचा नोंदणी क्रमांक टाकून पाहिला. 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही बघता येते. आमचं हॉस्पिटल, औषधाचा टप्पा, किती रुग्ण घ्यायचे, काय मोजायचं, सगळं तिथं होतं. भाचीच्या मदतीने इंग्रजी वाचून काढलं. मग सही केली, आणि सहीची प्रत मागून घेतली. ती देणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे.

सही झाली म्हणजे ट्रायलमध्ये घेतलं असं नसतं. आधी चाळणी. रक्त, लघवी, ईसीजी. थायरॉइड मुद्दाम तपासतात, कारण ते वाढलं तरी छाती धडधडते, हात थरथरतात, आणि माणूस चिंतेचा रुग्ण समजला जातो. गरोदर नाही ना, याची तपासणी पुढेही होत राहिली. जुनी झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून आधीच बंद केली होती. ईसीजीला रांग मोठी होती, एवढंच त्या दिवसाबद्दल.

मग हॅमिल्टन मापनश्रेणी. मॅक्स हॅमिल्टन या मनोविकारतज्ज्ञाने 1959 साली मांडलेली, अजूनही अशा ट्रायलमध्ये वापरतात. चौदा मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 56. गेल्या आठवड्यात धास्ती किती वाटली, झोप कशी, अंधाराची भीती, गर्दीची भीती, लक्ष लागतं का, स्नायू, छाती, श्वास, पोट, घाम. विचारणाऱ्या मॅडम घाई करत नसत. "पोटात गोळा येतो म्हणजे नेमका कधी?" असं विचारून थांबायच्या. चौदावा मुद्दा मात्र प्रश्नच नव्हता. त्या फक्त माझ्याकडे बघून काहीतरी लिहायच्या. पुढे मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं: समोर बसलेलं माणूस मुलाखतीत कसं वागतं, हात कसे, चेहरा कसा, श्वास कसा. मी खाली पाहिलं. ओढणीचं टोक मी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोटाचं पेर पांढरं पडलं होतं. हे मी किती वर्षं करत आले होते कुणास ठाऊक.

दर भेटीत एक प्रश्न न चुकता असायचा. मरून जावं असं वाटलं का, स्वतःला काही करून घ्यावं असं वाटलं का. पहिल्यांदा मी दचकले. नंतर कळलं की हा प्रश्न कुणीतरी सरळ, न बिचकता विचारणं हे किती मोठं काम आहे. माझं उत्तर नाही असं होतं. पण ज्यांचं हो असेल त्यांना तिथंच थांबवून वेगळे उपचार देतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची 14416 क्रमांकाची मोफत फोनसेवाही कोऑर्डिनेटरने सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिली. रात्रीअपरात्री लागलीच तर.

गोळ्या क्रमांक टाकलेल्या डब्यातून मिळाल्या. डब्यावर औषधाचं नाव नाही, फक्त आकडे. कोणत्या क्रमांकाला काय, हे कॉम्प्युटरने ठरवलेलं. जिवावर बेतलं तरच ते उघडायची सोय. पर्समध्ये ठेवायला एक कार्ड मिळालं: ही व्यक्ती ट्रायलमध्ये आहे, तातडीच्या वेळी या नंबरवर फोन करा.

पहिल्या काही दिवसांत मला मळमळलं. तोंड कोरडं पडायचं, काउंटरवर सारख्या जांभया यायच्या. सगळं डायरीत लिहायचं. तारीख, वेळ, किती वेळ टिकलं, काय केलं. शेजारच्या काकूंनी प्रेमाने अश्वगंधाचं चूर्ण आणून दिलं, तेही न घेता आधी फोन करून विचारलं, नको म्हणाले. सर्दी झाली तर सिरपसुद्धा विचारून. काकू काही दिवस रुसल्या होत्या.

दर भेटीला रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. कोऑर्डिनेटर समोर बसून मोजायची. मोजणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे मी तिची बोटं बघत राहायचे. ती एकदा मोजून वहीत लिहायची, मग तिची सहकारी तीच पट्टी घेऊन पुन्हा मोजायची आणि दुसरी सही. एकदा दोघींचा आकडा एका गोळीने जुळेना. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी त्या दोघींनी सगळं टेबलावर ओतून पहिल्यापासून मोजलं. एक गोळी पट्टीच्या फाटलेल्या कागदाखाली अडकली होती. त्या दिवशी माझा या लोकांवर विश्वास बसला.

बाकावर गारगोटीहून येणारे एक गृहस्थ भेटायचे. पहाटेची एसटी धरून यायचे. आपसात गोळ्यांबद्दल बोलू नका असं सांगितलं होतं, पण ते हळूच म्हणाले, "माझी खरी हाय बघा. तोंड लई कोरडं पडतंय." माझंही पडत होतं. मी काही बोलले नाही. औषध नसलेली गोळी घेऊनही लोकांना मळमळ, डोकेदुखी, कोरडं तोंड जाणवतं, हे डॉक्टरांनी मला आधीच समजावलं होतं, त्यामुळे तोंड कोरडं पडण्यावरून काहीच ठरत नव्हतं.

मग जुलै आला. पाच-सहा दिवस पाऊस थांबला नाही, बंधारा पाण्याखाली गेला, पातळी 39 च्या पुढे सरकली. गल्लीत लोक फ्रिज वर चढवायला लागले. आम्हीही चढवला. कागदपत्रं पिशवीत बांधली, सासूबाईंची औषधं वेगळी काढली. आणि रात्री मी झोपले. पहाटे ह्यांनी हलवून उठवलं, "बरी हायस न्हवं?" मी झोपलेय याचीच त्यांना काळजी वाटली होती. पाणी धोक्याच्या खालीच राहून उतरलं. पण ते उतरायच्या आधी मी झोपले होते, हे महत्त्वाचं. त्या आठवड्यातल्या भेटीत चौदाव्या मुद्द्याला मॅडमनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. ओढणी मात्र मांडीवर होती.

आठ आठवड्यांची ट्रायल संपली. गोळ्या एकदम न तोडता कमी करत आणल्या, पुढे फोनवर चौकशी होत राहिली. माझे गुण बरेच खाली आले होते, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "मग मला खरं औषध होतं?" ते म्हणाले, "मलाही माहीत नाही." सगळ्या केंद्रांवरच्या सगळ्या रुग्णांचं काम संपून आकडे बंद होईपर्यंत कुणालाच कळणार नाही. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या माझ्यासारखीला एक नोंद कोरी ठेवून घरी जायचं होतं. ते जड गेलं, पण त्यामागचं कारण मला पटलं आहे. मला माहीत असतं तर मी 'बरं वाटतंय' म्हणाले असते, मॅडमना माहीत असतं तर त्यांचं पेन एक आकडा खाली सरकलं असतं, आणि मग ते औषध उद्या हजारो लोकांनी ज्या भरवशावर घ्यायचं तो भरवसाच राहिला नसता.

जाऊबाई म्हणाल्या, "खोट्या गोळीनं बरं वाटलं असंल तर मग तुला काही झालंच नव्हतं की." हे मला लागलं. हे अनेक घरांत बोललं जातं, म्हणून स्पष्ट सांगते. चिंतेच्या ट्रायलमध्ये प्लासिबोवरचे रुग्णही बऱ्यापैकी सुधारतात, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. माणूस ट्रायलला येतो तेच मुळी त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि शिगेवरून तो थोडा उतरतोच. शिवाय ठरलेल्या वाराला कुणीतरी शांतपणे तासभर विचारपूस करतं, गोळीबद्दल आशा असते, घरचेही जपून वागतात. याचा शरीरावर परिणाम होतो. माझी आखडलेली मान खरी होती, रात्री तीनची जाग खरी होती. ती कशाने सैल झाली हे माहीत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही. मावशीला कुणी तासभर असं विचारलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

गोळ्या बंद झाल्यावर काही काळाने जाग पुन्हा येऊ लागली, आधीइतकी नाही, पण येऊ लागली. ट्रायलमधलं औषध पुढे मिळेलच असं नसतं, ते कागदावर लिहिलेलं होतं. आता मी नेहमीच्या उपचारांवर आहे, एस्सिटालोप्राम आणि समुपदेशन. पहिला पंधरवडा अवघड गेला; या वेळी मी तो डायरी लिहून काढला. मला काय मिळालं होतं ते कळलं तर कळवा, असा अर्ज हॉस्पिटलात देऊन ठेवलाय.

आमच्या पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांना मध्यंतरी एका डॉक्टरांनी मधुमेहाच्या ट्रायलबद्दल विचारलं. "मॅडम, तुम्ही केलायसा न्हवं, करू का?" म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माहितीपत्रक घरी न्यायला देतात का, एवढं आधी विचारून या म्हटलं. दिलं त्यांनी. काउंटर बंद झाल्यावर आम्ही ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, नॉमिनीच्या रकान्यापर्यंत आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "हे बायकोला दाखवतो आधी." सही तशीच कोरी ठेवून ते कागद घडी करून घरी घेऊन गेले.